बिबड्यांची मजुरी

एमबीएच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक प्रकल्प करायचा होता. एखादा लहान उद्योग निवडायचा, तिथे काही दिवस काढायचे आणि उत्पादनाचे चार घटक तिथे कसे दिसतात ते लिहायचं. जमीन, श्रम, भांडवल आणि उद्योजक. जमिनीला खंड मिळतो, श्रमाला मजुरी, भांडवलाला व्याज आणि उरलेला नफा उद्योजकाला. ही चौकट मला तोंडपाठ होती, पण इंग्रजीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही तसंच. मराठीत 'खंड' म्हणजे काय हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भूगोलाचं पुस्तक आठवलं होतं.

वर्गातल्या मुलांनी जळगावच्या एमआयडीसीतले कारखाने निवडले. कोणी चटयांचा, कोणी पाइपांचा, कोणी डाळीचा. कारखान्यात जायचं म्हणजे आधी फाटकावरच्या माणसाशी बोलायचं, मग ऑफिसातल्या, मग मालकाशी. अनोळखी माणसांसमोर मला शब्द सापडत नाहीत. सापडले तरी ते बाहेर येईपर्यंत समोरचा दुसरीकडे बघायला लागलेला असतो. म्हणून मी आत्याला निवडलं.

आत्या धुळ्याला राहते. शहर वाढत वाढत जिथे एका जुन्या खेड्याला येऊन भिडलं, तिथे तिची गल्ली आहे. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुरतेला कापडाच्या कंपनीत आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी तेच बोलणं होतं. तो म्हणतो, "तिकडे एकटी काय करतेस? इकडे ये." आत्या म्हणते, "एकटी कुठे? गल्ली आहे की." आमच्या घरी फोनवरही ती हेच सांगायची, आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचा अर्थ काय हा प्रश्नच मला पडला नव्हता.

त्या वर्षी आत्याने पहिल्यांदा विकायला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचं ठरवलं होतं. झालं असं की माझ्या आईने तिच्याकडचे बिबडे जळगावातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला चाखायला दिले. त्याने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी हवे आहेत म्हणून बरीच मोठी मागणी नोंदवली. अट एकच, सगळे एका आकाराचे पाहिजेत. आत्याला त्यातून श्रीमंत व्हायचं नव्हतं. तिचं म्हणणं होतं की स्वतःची मिळकत असली की सुरतेला 'नाही' म्हणायला तोंड राहतं. धंदा करायचा होता तो या गल्लीत राहता यावं म्हणून. हे मी प्रकल्पात 'उद्दिष्ट' या मथळ्याखाली लिहिलं आणि मग खोडलं, कारण आमच्या सरांनी उद्दिष्ट मोजता येण्यासारखं असावं असं सांगितलं होतं.

बिबडे एकटीने होत नाहीत, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. ज्वारी भिजवून, वाळवून, भरडून ठेवलेली असते. ती पहाटे मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, जिरं, तीळ घालून शिजवायची. त्याचा घट्ट घाटा होतो. तो गरम असतानाच पाण्याचा हात लावून ओल्या कापडावर गोल, पातळ थापायचा. घाटा निवला की थापताना कडा फाटतात आणि वाळल्यावर बिबडा हातात तुटतो. म्हणजे एका बाईने शिजवून तिनेच थापायचं म्हटलं तर निम्मं पातेलं वाया. म्हणून उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बाया पाळीपाळीने एकमेकींच्या घरी जातात. आज हिच्याकडे, परवा तिच्याकडे. याला सावड म्हणतात. ज्या घरी बिबडे असतील त्या घरची बाई आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगते, "सकायले येजो व," म्हणजे उद्या ये ग. सगळ्यांना आधीच माहीत असतं, तरीही सांगावं लागतं. बोलावणं आल्याशिवाय कोणी जात नाही.

मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकूंकडे बिबडे होते. समोरच्या काकू म्हणजे उंच आवाजाची, मोठ्या हाडाची बाई. मी आत्याच्या मागे उभी राहिले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"ही कोन व, अक्का?"

"मना भाऊनी पोर. जळगावहून उनी. मोठी परीक्षा देई ऱ्हायनी."

"कसानी परीक्षा?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "व्यवस्थापनाची."

"म्हंजे काय करस मंग तू?"

"लोकांकडून काम करून घ्यायला शिकतात," मी म्हणाले. व्याख्या जवळपास अशीच होती.

काकू इतक्या हसल्या की पातेल्यातला ढवळायचा लाकडी हाटा थांबला. "व माय! ते शिकाले जळगावले जानं पडस? मनी सासू बिनशाळानी व्हती, जलमभर तेच करे!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसणं जास्त अवघड होतं. अहिराणी मला कळते, बोलता येत नाही. त्यामुळे मी नेहमी उत्तर द्यायला उशीर करते, आणि लोकांना वाटतं मला राग आला.

पुढे मी नुसती बघत बसले. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. एक बाई घाटा काढत होती, एक गोळे देत होती, बाकीच्या थापत होत्या. कंटाळा आला की जागा बदलत होत्या. सगळ्यांत म्हाताऱ्या जिजी, ज्यांचं घर गल्लीच्या टोकाला आहे, त्या फक्त कापडं ओली करत होत्या आणि कोणाचा बिबडा जाड झाला ते मोठ्याने सांगत होत्या. मी वहीत लिहिलं, 'नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण'. मग प्रत्येकापुढे कोण करतं ते लिहायला गेले. नियंत्रणापुढे जिजी लिहिलं. बाकी जागा रिकाम्या राहिल्या.

दोन दिवसांनी आम्ही बँकेत गेलो. दुकानदाराने पैसे खात्यावरच देईन असं सांगितलं होतं. आत्याचं बचत खातं होतं, पण धंद्यासाठी चालू खातं काढावं लागेल का, पुढे मोठं पातेलं आणि जाळ्या घ्यायला थोडं कर्ज मिळेल का, हे विचारायचं होतं. अधिकारी तरुण होता, चांगला होता. त्याने चहा विचारला. बचत खात्यावर व्याज मिळतं, चालू खात्यावर मिळत नाही, हे त्याने सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, "धंदा केला म्हणून व्याज बंद? ही कसली शिक्षा?" मी तिला समजवायला लागले आणि अर्ध्यात अडकले, कारण तिचा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग त्याने विचारलं, "कामगार किती आहेत तुमच्याकडे?"

"कामगार नाहीत. बाया येतात."

"त्यांना रोज काय देता?"

"काही नाही."

"काहीच नाही?" तो हसला, वाईट हेतूने नाही. "मावशी, मग तुमचा नफा खरा नाही. उद्या त्या आल्या नाहीत तर? मजुरी धरल्याशिवाय कर्जाचा हिशोब करता येत नाही."

आमचे सरही मला फोनवर हेच म्हणाले होते. ज्या श्रमाचे पैसे दिले जात नाहीत त्याचाही खर्च असतो, तो फक्त दिसत नाही. दोन वेगळ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे ती बरोबर असणार, असं मला वाटलं. आत्या मात्र रिक्षात पासबुक उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, "मी फुकट खाते का ग लोकांचं?"

मी म्हणाले, "तू पण जातेस ना त्यांच्याकडे."

"जाते. पण त्यांचे बिबडे त्यांच्या घरात खातात. माझे दुकानात जाणार."

त्यांनी दिलेला हात ती हाताने फेडणार होती, पण त्या हातातून निघालेले पैसे तिच्या एकटीच्या खात्यावर येणार होते. पुस्तकाच्या दृष्टीने तिचं म्हणणं चोख होतं. मजुरी द्यायचं तिने स्वतःच ठरवलं. शेतावर बाईला दिवसाला जे मिळतं तेवढीच. "कमी दिली तर भीक, जास्त दिली तर मस्ती," ती म्हणाली.

आत्याकडे बिबडे झाले त्या दिवशी सगळं छान चाललं. आकार एक यावा म्हणून मी डब्याचं झाकण आणलं होतं. प्रत्येक कापडावर त्याने गोल उमटवून दिले. काकू म्हणाल्या, "शाळाच लागनी ना आते. कोना गोल बाहेर गया तर छडी देशी का?" दुपारी छतावरच्या खाटा भरल्या. हात धुऊन बाया निघाल्या तेव्हा आत्याने एकेकीच्या हातात पैसे दिले.

मला वाटलं होतं कोणी नको म्हणेल, कोणी रागावेल. तसं काही झालं नाही. काकूंनी नोटा न बघता कमरेच्या पिशवीत खोचल्या. शेजारच्या घरच्या एका तरुण सुनेने आधी दाराकडे पाहिलं, मग पटकन घेतल्या. जिजींनी विचारलं, "हे कसाना शे?" आत्या म्हणाली, "दुकानना कामना." जिजींनी मान हलवली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली. मी प्रकल्पात लिहिलं, 'श्रमिकांनी मोबदला स्वीकारला.' वाक्य मला आवडलं होतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट समजले नाहीत, म्हणून जसे घडले तसेच लिहिते.

एके दिवशी पहाटे मला लसणाच्या वासाने जाग आली. शेजारच्या घरातून हाटा पातेल्याला लागल्याचा आवाज येत होता. आत्या आधीच उठली होती. बांगड्या वर सारून, पदर खोचून ओट्यावर बसली होती. मी म्हणाले, "जायचं ना?" ती म्हणाली, "बोलावलं नाही."

"विसरल्या असतील."

थोड्या वेळाने तिने पदर सोडला आणि ओटा झाडायला घेतला. तो आदल्या संध्याकाळीच झाडलेला होता.

मग आणखी एका घरी झाले. तिथूनही बोलावणं आलं नाही. छतावर वाळत घातलेल्या बिबड्यांच्या खाटा आमच्या गच्चीवरून दिसायच्या. आत्या कपडे वाळत घालताना तिकडे पाठ करून उभी राहायची. रस्त्यात भेटल्या की सगळ्या नेहमीसारख्या बोलत. पाणी आलं का, सुरतेहून फोन आला का, जळगाववालीला ऊन सोसतं का. कोणाचं तोंड वाकडं नव्हतं. त्यामुळे आणखीच कळेना. आत्याला वाटलं, पैसे कमी पडले. मग वाटलं, पैसे दिले हेच वाईट झालं, त्यांना मजूर समजलो. मग वाटलं, झाकणाचा राग आला. हे ती म्हणाली तेव्हा मी झाकण स्वयंपाकघरात मागे ढकलून ठेवलं.

सरांना फोन करून मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. सर खूश झाले. "म्हणजे तिथे श्रमबाजार तयार झाला. अनौपचारिक देवाणघेवाण जाऊन पैशांचा व्यवहार आला. छान मुद्दा आहे, वाढव." मी 'हो सर' म्हणाले. फोन ठेवला तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती, निवडून झालेले तांदूळ पुन्हा ताटात घेऊन.

रविवारी मुलाचा फोन आला. "तिकडे एकटी काय करतेस?" त्याने विचारलं असणार. आत्या नेहमीचं वाक्य बोलली नाही. "बघू," म्हणाली. "आखाजी होऊ दे, मग बघू." सुरतेला जाण्याबद्दल तिच्या तोंडून मी 'बघू' पहिल्यांदाच ऐकलं. ज्या धंद्याने तिला या गल्लीत धरून ठेवायचं होतं त्यानेच तिला गल्लीच्या बाहेर काढलं होतं, आणि कसं, ते आम्हा दोघींनाही सांगता येत नव्हतं.

सांगितलं ते काकूंनी. मी किराणा घेऊन येत होते. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. "अय जळगाववाली, इकडे ये. बठ."

मी बसले. त्यांनी माझ्यापुढे लसूण सरकवला, म्हणजे मीही सोलायचा.

"अक्का रुसनी का व आम्हनावर?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तिला वाटतं तुम्ही रुसलात."

"आम्ही कसाले रुसूत?"

"बोलावलं नाही ना तुम्ही कोणी."

काकूंचे हात थांबले. "कसं बलावूत? तिनं हातना पैसा दिधा. भाव व्हयी गया ना आते हातना. आम्ही तिले फुकट कशी बलावूत? तिले वाटी, मी यासले पैसा दिधा, आनि ह्या माले फुकट राबाडतंस. अन पैसा देवाना म्हन तर घरना बिबडासले मजुरी कोठून देवानी? नवरा काय म्हनी?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "बठ्ठ्यासनं असंच शे. लाज वाटस." बठ्ठ्यासनं म्हणजे सगळ्यांचंच.

मी लसूण तसाच ठेवून घरी आले. मला वाटलं आत्याला हे ऐकून हायसं वाटेल. कोणी रागावलेलं नव्हतं. उलट त्या मान ठेवत होत्या. आत्याने सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकली.

"रुसल्या असत्या तर मनवलं असतं," ती म्हणाली. "लाजल्या त्याला काय करू?"

त्या संध्याकाळी मी पुस्तक काढून मजुरीचं प्रकरण वाचलं. सगळे सिद्धांत मजुरीचा दर कसा ठरतो ते सांगत होते. दर एकदा ठरला की तो परत कसा घ्यायचा, हे कुठेच नव्हतं. दिलेले पैसे मागता येत नाहीत. खर्चही झाले असतील. आणि मागितले तरी ते दिले होते हे सगळ्यांना माहीत राहणारच होतं.

गल्लीत शेवटचं घर जिजींचं उरलं होतं. त्यांच्याकडे घाटा शिजतोय हे पहाटे कळलं, तेव्हा आत्या उठली, पदर खोचला आणि निघाली. बोलावणं नव्हतं. मी चपला शोधत मागे धावले.

जिजींच्या अंगणात सगळ्या बसल्या होत्या. आम्हाला पाहून बोलणं थांबलं. पातेलं उतरवलेलं होतं, वाफ निघत होती. जिजींनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन, अक्का? माय, तू कशी उनी? माले परवडाव नही, बरं का. मनाकडे देवाले काही नही."

"माले मागता येस का काही, जिजी?" आत्या म्हणाली. "घाटा थंडा व्हई ऱ्हायना. सरक."

काकू सरकल्या. आत्या बसली. पाण्यात हात बुडवला आणि गोळा घेतला. पहिले दोन-तीन बिबडे तिने फार मन लावून थापले, जणू कोणी तपासणार आहे. मग काकू म्हणाल्या, "झाकन नही आनं का व, जळगाववाली?" आणि कोणीतरी हसलं, आणि बोलणं पुन्हा सुरू झालं. मला जिजींनी कापडं ओली करायला बसवलं. मी ती जास्तच ओली केली, असं त्यांचं म्हणणं होतं.

काम संपल्यावर सगळ्या हात धुवायला उठल्या. जिजी मात्र बसूनच पदराच्या टोकाची गाठ सोडू लागल्या. ती सुटत नव्हती. आत काय आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कोणी मदत केली नाही आणि कोणी निघालंही नाही. आत्याने पैसे घेतले असते तर पुढच्या उन्हाळ्यापासून प्रत्येक घरी द्यावे लागले असते, आणि जिजींसारखीने बिबडेच केले नसते. नको म्हटलं असतं तर जिजींनी तिचे घेतलेले पैसे जिजींच्याच अंगावर राहिले असते. मला हे दोन्ही दिसत होतं, तिसरं काही दिसत नव्हतं.

आत्या म्हणाली, "जिजी, पैसा नको. पातेलाले लागेल घाटा शे ना, तो दे. तेल टाकीसन."

जिजींचे हात थांबले. "तो तं बठ्ठ्यासलेच देस मी."

"मंग माले बठ्ठ्यासमाच धर."

जिजींनी पदर सोडून दिला आणि सुनेला वाट्या आणायला सांगितल्या. घाट्यावर कच्चं तेल घालून सगळ्यांनी तिथेच खाल्लं. तो इतका तिखट होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि काकूंनी सगळ्यांना सांगितलं की जळगाववाली सासरी निघाली.

इथे हे संपलं असतं तर मला प्रकल्प लिहिता आला असता. पण दुकानदाराला दुसरी खेप हवी होती आणि ती करायची कशी, हा प्रश्न तिथेच अंगणात निघाला. काकू म्हणाल्या, "दुकानना कामना पैसा मी लिसू. घरना कामना नही." हे मला बरोबर वाटलं. पण ती तरुण सून म्हणाली, तिला पैसे नकोतच, मागच्या वेळी घरात दोन दिवस विचारत होते की कुठून आले, कशाला ठेवले. जिजी म्हणाल्या, त्या पैसे घेऊन थापायला येणार नाहीत, त्या काय रोजंदारीवरच्या आहेत का. काकू म्हणाल्या, "मंग मी रोजंदारीवाली व्हयनू का?" यावरून थोडं वाजलं. ठरलं काहीच नाही. शेवटी दुसऱ्या खेपेला ज्यांनी घेतले त्यांना आत्याने पैसे दिले, ज्यांनी घेतले नाहीत त्यांच्या घरी जाईन असं सांगितलं, आणि जिजी न बोलावता येऊन कापडं ओली करून गेल्या. त्यांनी पैसेही घेतले नाहीत आणि कारणही सांगितलं नाही.

सरांनी विचारलं, "मजुरीचा दर काय लिहिलास?" मी म्हणाले, "सर, एकाच कामाला तीन प्रकार आहेत." ते म्हणाले, "मग सरासरी काढ." मी रात्रभर विचार केला. न घेतलेल्या पैशांची आणि परत येणाऱ्या हाताची सरासरी कशी काढतात ते मला कळलं नाही. मी शेतमजुरीचा दर लिहून दिला. मला चांगले गुण मिळाले.

पुढच्या रविवारी आत्या मुलाला म्हणाली, "आत्ता नाही येत. इथे काम आहे." गल्ली आहे असं ती म्हणाली नाही, काम आहे असं म्हणाली. दोन्हींत फरक आहे की नाही, हे मी तिला विचारलं नाही.

मी जळगावला परत यायच्या आधीच्या संध्याकाळी समोरच्या काकू दारात आल्या. आत आल्या नाहीत, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. "अक्का, सकायले येजो."

आत्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. काकूंच्या घरचे बिबडे तर आधीच होऊन गेले होते. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं की त्यांच्या सुनेनेही धुळ्यातलं एक दुकान गाठलं आहे.

"घरना का दुकानना?" आत्याने विचारलं.

काकूंनी चौकटीवरचा रंगाचा एक पोपडा नखाने काढला. मग म्हणाल्या, "तुले जे समजनं ते समज." आणि पायऱ्या उतरून पुढच्या दाराकडे गेल्या.

आत्या माझ्याकडे वळली. "काय समजायचं ग मी?"

मी प्रकल्पाची वही बॅगेत भरली.

"तू तर हेच शिकतेस ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने आत जाऊन दुसऱ्या दिवसाची साडी काढून ठेवली, जुनी, घाटा लागला तरी चालेल अशी. पहाटे आम्ही दोघीही गेलो.